गणेशखिंडीतलं लाटसाहेबांचं घर : एका वारसावास्तूचं प्रकरण

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत हे मुळात एक राहतं घर आहे, हे विद्यापीठात चार-पाच वर्षं काढलेल्यांच्याही सहसा डोक्यात येत नाही. इमारत ओळखीची असते ती वेगळ्या कारणांनी : कुलगुरूंचं दालन तिथे आहे, मोर्चे तिथे येऊन थांबतात, अधिसभेची (सिनेटची) गरमागरमी तिथे होते आणि पदवी मिळाली की फोटो तिच्यासमोर काढायचा असतो. पण १८६४ साली तिचं काम सुरू झालं ते मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरासाठी, म्हणजे लाटसाहेबासाठी, गणेशखिंडीत पावसाळ्यात राहायचं घर म्हणून. काम संपायला १८७१ उजाडलं. १९४९ पासून ती विद्यापीठाकडे आहे आणि आज वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे.

एखादी वास्तू यादीत आली की तिच्याबद्दल लिहिण्याचा एक साचा ठरून जातो : शैली कुठली, वास्तुविशारद कोण, खर्च किती, डागडुजी कधी. तो तपशील इथेही येईल, पण या घराचं खरं प्रकरण त्यात मावत नाही. हे घर कोणाच्या पैशानं उभं राहिलं, त्याच्या फाटकाच्या आत कोण होतं आणि बाहेर कोण, आणि आज त्या फाटकावर जिचं नाव आहे ती बाई हे घर ऐन भरात असताना कुठे होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यातही एक वर्ष असं आहे की सगळे धागे तिथेच येऊन गुंततात. ते १८९७.

आधीचं घर दापोडीला

गणेशखिंडीआधी गव्हर्नराचा पुण्यातला मुक्काम दापोडीला असे. मुळा-पवनेच्या संगमाजवळचा तो बंगला मूळचा कॅप्टन फोर्ड याचा. हा फोर्ड दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या कवायती पलटणींचा अधिकारी होता. म्हणजे पगार पेशव्यांचा, शिस्त इंग्रजांची. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या मैदानात लढाईला तोंड लागलं, तेव्हा फोर्ड आपल्या पलटणी घेऊन दापोडीहून निघाला आणि इंग्रजांच्या कर्नल बरच्या फौजेला जाऊन मिळाला. पेशव्यांकडून जरीपटका होता मोरो दीक्षितांकडे. ते आणि फोर्ड मित्र होते. लढाई झालीच तर एकमेकांच्या कुटुंबांना सांभाळायचं, असं दोघांत ठरलेलं. त्या दिवशी दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीबरोबरच्या तोफेच्या गोळ्यानं.

पेशवे त्या संध्याकाळी पर्वतीवरून लढाई पाहत होते, ही गोष्ट पुण्यात शाळकरी मुलालाही माहीत असते. त्यामानानं हे कमी सांगितलं जातं की शहराकडून बाहेर पडणारं मराठी घोडदळ इतिहासकार ग्रँट डफनं पाहिलं ते गणेशखिंडीच्या बाजूनं. पुढे ज्या माळावर गव्हर्नराचं घर बांधलं, तो माळ या रणभूमीच्या कडेचाच. जागा निवडताना हा हिशेब केला असेल असं मला वाटत नाही. खडकीची छावणी जवळ, शहर पुरेसं लांब, वारा मोकळा आणि चतुःशृंगीचा डोंगर पाठीशी, एवढी कारणं भरपूर होती.

दापोडीचा बंगला सरकारकडे आला तो सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना. बंगल्याबरोबर बागही वाढली. डॉ. अलेक्झांडर गिबसन यांच्या देखरेखीखाली ती वनस्पतिशास्त्राची बाग झाली आणि १८४० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या झाडाझुडपांची सुरेख जलरंगचित्रं काढली गेली. ती आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. तो ‘पोर्तुगीज’ म्हणवणारा इथलाच, बहुधा गोव्याकडचा माणूस असावा, एवढ्यावर समाधान मानायचं. गव्हर्नरानं घर हलवल्यावर बागही त्याच्यामागे आली. गणेशखिंडीची वनस्पती बाग १८७३ ची. तिला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे घराला एक यादी आणि त्या घरामुळे आलेल्या बागेला दुसरी.

कापसाचा पैसा

सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. तिथला कापूस लँकशरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून सगळी मागणी मुंबईकडे वळली. भाव असे चढले की मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्यावर कंपन्यांचं, शेअरांचं, समुद्र बुजवण्याच्या योजनांचं पीक तरारलं. फ्रिअर बांधकामाचा शौकीन. त्यानं किल्ल्याचा तट पाडून मुंबई मोकळी करायला घेतली, सरकारी इमारतींची मालिका आखली आणि त्यासाठी आलेल्या वास्तुविशारदांपैकी जेम्स ट्रबशॉ याच्याकडे पुण्यातल्या घराचा आराखडा सोपवला.

नंतर १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. भाव कोसळले, १ जुलैला वायद्याचे व्यवहार पुरे करायची वेळ आली आणि मुंबई एका दिवसात दिवाळखोरांची नगरी झाली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, तिच्या चौकशीत फ्रिअरच्या सरकारवरही ठपका आला. गणेशखिंडीचं काम मात्र चालूच राहिलं. पूर्ण झालेल्या घराचा खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण साडेसतरा लाख रुपये. याच वर्षांत येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची नवी इमारत उभी राहत होती आणि तिला जीजीभॉय घराण्यानं दिलेली एक लाखाची देणगी फार मोठी मानली गेली होती. यावरून अंदाज यावा.

कलकत्त्याचं वरिष्ठ सरकार फ्रिअरच्या हात सैल सोडण्यावर आधीपासून नाराज होतं. विलायतेत पार्लमेंटमध्येही या घराचा उल्लेख झाला तो मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळपट्टीचा आणि वरिष्ठांना न जुमानण्याचा नमुना म्हणून. आज ज्या इमारतीच्या छपराच्या दुरुस्तीसाठी निधी मागताना आपण ‘अमूल्य ठेवा’ असे शब्द वापरतो, ती तिच्या जन्माच्या वेळी सरकारी पैशाच्या नासाडीचं उदाहरण होती. फ्रिअर १८६७ मध्ये गेला. घराचं पुरं सुख त्याच्या वाट्याला आलंच नाही.

या हिशेबाचा दुसरा कागद पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला सापडतो. कापसाच्या तेजीत शेतकऱ्याची पत वाढली, सावकारांनी कर्जं मोकळ्या हातानं दिली. भाव पडले आणि वर सरकारनं शेतसाऱ्याची नवी, चढी आकारणी केली, तेव्हा तीच कर्जं गळ्याशी आली. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची कर्जखतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. ज्या तेजीच्या भरवशावर गणेशखिंडीचे दगड घडवले गेले, तिचंच हे बिल होतं, आणि ते घर पुरं झाल्यावर चार वर्षांनी सुप्यात वसूल झालं.

घर पाहताना

शैलीला इटालियन म्हणतात. विलायतेत व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी आइल ऑफ वाइट बेटावर ऑस्बर्न हाउस नावाचं घर बांधून घेतलं होतं. उंच चौकोनी मनोरा, गोल कमानी, लांब ओसऱ्या असा त्याचा थाट. गणेशखिंडीच्या घराचं नातं त्या घराशी सांगितलं जातं आणि मनोऱ्याकडे पाहिलं की ते पटतं. पण दगड इथला आहे. आपला काळा-करडा बेसॉल्ट, ज्याचे वाडे, घाट आणि देवळं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आहेत. इटलीत हा आकार पिवळसर, उबदार रंगात दिसतो. इथे जुलैच्या पावसात ओला झालेला तोच मनोरा किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसतो. मला तर हे घर पावसातच पाहण्यासारखं वाटतं. नाहीतरी ते त्या चार महिन्यांसाठीच बांधलेलं आहे.

मुंबईचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्याला आणि थंडीत मुंबईत, असं फिरतं असे. जूनमध्ये गव्हर्नर पुण्याला आला की दफ्तर, अधिकारी, त्यांच्या मडमा, घोडे, कंत्राटदार आणि अर्जदार असा सगळा लवाजमा मागून येई. पोर्चमध्ये गाड्या लागत. आत नाचघर, भोजनगृह, काचेचं पुष्पगृह, बाहेर गच्ची आणि आखीव बाग. पोर्चपासून नाचघरापर्यंत नेणारी लांब कमानीदार ओसरी ही घराची सगळ्यात देखणी बाजू. आजही तिथून चालताना पावलांचा आवाज दगडातून परत येतो आणि फाइल घेऊन जाणारा शिपाईसुद्धा जरा रुबाबात चालतोय असं वाटतं.

आणि मग भुयार. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वास्तूला भुयार असावं लागतं आणि ते शनिवारवाड्यापर्यंत जावं लागतं, असा अलिखित नियम आहे. या घराखाली खरोखरच एक वाट आहे. तिच्याबद्दलच्या कथा रंगतदार आहेत, पण पटण्यासारखा खुलासा अगदी साधा आहे : स्वयंपाकघराच्या बाजूनं जेवणाची ताटं आणि नोकरमाणसं मुख्य घरात यावीत, पण पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, म्हणून केलेली ती सोय. माझ्या मते वास्तूतला हा सर्वात बोलका भाग आहे. नाचघर काय, इलाख्यात इतरत्रही होती. खानसामे, बटलर, पाणी भरणारे भिस्ती, पंखा ओढणारे अशा माणसांना जमिनीखालून चालवणारी रचना मात्र त्या राज्याबद्दल नाचघरापेक्षा जास्त सांगते. आपण मात्र तिच्यात पेशव्यांचा खजिना शोधत बसतो.

क्रिकेट आणि दंगल

लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ गव्हर्नर होता. इंग्लंडच्या संघाचा एकेकाळचा कप्तान. त्याच्या काळात गणेशखिंडीचं मैदान गाजतं झालं. ११ ऑगस्ट १८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल उसळली तेव्हा हॅरिस पावसाळी मुक्कामाला इथेच होता. तो तातडीनं मुंबईला गेला नाही. गेला तो नवव्या दिवशी, आणि तोही क्रिकेटचा सामना पाहायला, अशी टीका त्या वेळी झाली आणि ती त्याला आयुष्यभर चिकटली.

याच दंगलीनंतरच्या वातावरणात पुण्यात गणपती घराबाहेर, मांडवात आला. गणेशखिंडीतलं दुर्लक्ष हे त्याचं कारण होतं असं म्हणणं फारच ओढून-ताणून होईल. पण शहरात लोक एकत्र येण्याच्या नव्या जागा तयार करत होते आणि तीन-चार मैलांवर राज्यकर्ता खेळपट्टीची काळजी करत होता, हे चित्र खोटं नाही.

१८९७

आदल्या वर्षी मुंबईत आलेला प्लेग १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. जोतिराव जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यानं हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात दवाखाना काढला आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवू लागल्या. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच मार्चमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग समितीनं शहरात घरझडती सुरू केली. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरात शिरत, देवघरापर्यंत जात, माणसांना उघड्यावर तपासत, आजारी म्हणून संशय आला की छावणीत नेत, सामान जाळत. प्लेगला आवर घालायला काहीतरी कठोर करणं भाग होतं, हे टिळकांसारखे टीकाकारही मान्य करत. संताप होता तो पद्धतीवर. तक्रारींचे अर्ज गेले, त्यांची दाद लागली नाही. मेअखेर साथ ओसरली, झडत्याही थांबल्या, राग राहिला.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली, त्याचा समारंभ २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत. यजमान गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट. रोषणाई, मेजवानी, टेकड्यांवर होळ्या पेटवलेल्या. प्लेगमधून नुकतं उठलेलं शहर आणि हा झगमगाट यात गणेशखिंडीच्या रस्त्याएवढंच अंतर होतं.

त्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर संध्याकाळपासून होते. आत जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत रँड सापडला नाही, म्हणून परतीची वाट पाहायची ठरली. मध्यरात्रीच्या सुमाराला त्याची गाडी फाटकातून निघाली. दामोदरनं ती ओळखली, मागून धावत निघाला आणि ठरलेली हाक दिली, “गोंद्या आला रे!” मग गाडीवर चढून पडदा वर केला आणि गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट आणि त्याची बायको होती. बाळकृष्णनं आयर्स्टवर गोळी झाडली आणि तो जागीच मेला. रँड ससून रुग्णालयात ३ जुलैला मेला.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. वीस हजारांचं बक्षीस, शहरावर जादा पोलीस आणि त्यांचा खर्च शहराच्याच माथी, नातू बंधूंची खटल्याविना अटक, ‘केसरी’तला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख, टिळकांवर राजद्रोहाचा खटला. दामोदरला एप्रिल १८९८ मध्ये, त्याचा भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली.

वास्तूच्या अंगानं पाहताना मला यात एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. गणेशखिंडीच्या घराशी जोडलेली सर्वात मोठी घटना घराच्या आत घडलेली नाहीच. ती फाटकाबाहेरच्या रस्त्यावर घडली. आतल्या मेजवानीत कोण काय बोललं हे कोणाला माहीत नाही, गरजही नाही. रस्त्यावरची एक हाक मात्र सव्वाशे वर्षं लोकांच्या तोंडी आहे. वारसा यादीत नोंद भिंतींपुरती होते. इथे रस्त्याला भिंतीइतकंच महत्त्व आहे आणि तो रस्ता तर रुंदीकरण, उड्डाणपूल आणि मेट्रो यांच्या ताब्यात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पंधरा-एक वर्षांतच, २०२० मध्ये पाडावा लागला; शेजारी साडेसतरा लाखांच्या उधळपट्टीला दीडशे वर्षं होत आली होती. पुणेकरांनी यावर जे विनोद केले ते इथे देत नाही.

घर रिकामं होतं

ब्रिटिश गव्हर्नर जानेवारी १९४८ मध्ये गेला आणि राजा महाराज सिंग मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. (त्यांनाही क्रिकेटचं वेड. १९५० मध्ये वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते प्रथम दर्जाचा सामना खेळले. पदाबरोबरच हा रोग येतो की काय कोण जाणे.)

महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ हवं ही मागणी जुनी होती. १९४२ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती नेमली गेली, पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ ला विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू जयकरच. सुरुवातीची कचेरी भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमध्ये होती. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी गणेशखिंडीची जागा विद्यापीठाला मिळावी म्हणून जोर लावला आणि जून १९४९ मध्ये कारभार लाटसाहेबांच्या घरात आला. पुढे चारशे अकरा एकरांचा परिसर विद्यापीठाच्या नावे झाला.

हा निर्णय आज इतका सरळ वाटतो की त्यातलं धाडस दिसत नाही. नव्या राज्यकर्त्यांना ते घर स्वतःसाठी ठेवता आलं असतं. देशात कितीतरी ठिकाणी तसंच झालं. इथे गव्हर्नराला, म्हणजे पुढच्या राज्यपालाला, शेजारीच लहान राजभवन मिळालं आणि मोठं घर शिक्षणाकडे गेलं. राज्यपाल पदसिद्ध कुलपती असल्यामुळे त्यांचा या घराशी संबंध उरला तो मात्र पाहुण्याचा, किंवा फार तर देखरेख करणाऱ्या थोरल्याचा.

नंतर र. पु. परांजपे कुलगुरू म्हणून इथे बसले. १९६१ ते १९६४ या काळात दत्तो वामन पोतदार बसले. मराठ्यांच्या कागदपत्रांत हयात घालवलेला, पुणेरी पगडीतला हा इतिहाससंशोधक खडकीच्या रणभूमीच्या कडेला बांधलेल्या गव्हर्नराच्या घरातून कारभार पाहतो आहे, हे दृश्य कोणीतरी कॅमेऱ्यात नीट पकडायला हवं होतं.

कचेरी आली की घराचं जे व्हायचं ते झालं. दालनांत फळ्या ठोकून खोल्या पाडल्या, वायरी फिरल्या, ओसऱ्यांत कपाटं आली. वारसाप्रेमी याबद्दल हळहळतात. मी तितका हळहळत नाही. वापरात नसलेलं दगडी घर पुण्याच्या पावसात किती वर्षं तग धरतं, याचे नमुने पेठांमधल्या वाड्यांत रोज दिसतात. छपरावर कोणीतरी गळती पाहायला चढतं, कारण खाली कोणाची तरी फाइल भिजते. या घराला वाचवलं ते आधी या रोजच्या वर्दळीनं, नियम मागून आले.

पहिली श्रेणी

महाराष्ट्रात वारसा नियमावली आली ती १९९५ मध्ये मुंबईसाठी, नगररचनेच्या कायद्याखाली, देशात सर्वांत आधी. पुण्यातही मग तीन श्रेणींची पद्धत आली. पहिली श्रेणी म्हणजे बाहेरून वा आतून मूळ रूपाला हात लावायचा नाही. वास्तू टिकवण्यासाठी अपरिहार्य असेल तेवढंच करायचं आणि तेही वारसा समितीच्या मंजुरीनं.

ऐकायला सोपं आहे. पण १९४९ पासूनची कचेरी आणि १८७१ चं घर यांत ‘मूळ’ कुठलं? कुलगुरूंचं दालन हाही आता पाऊण शतकाचा इतिहास आहे. दुसरी अडचण साहित्याची. अशा इमारतींच्या सांध्यांत चुना असतो. मधल्या काळात कोणी सिमेंट भरलं की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आतच मुरते, क्षार वर येतात आणि कडक सिमेंटच्या शेजारचा दगड कडांनी झडू लागतो. मग सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरायचा. त्यासाठी चुना मळणारा, सांधे भरणारा कारागीर लागतो आणि सरकारी दरपत्रकात त्याची मजुरी बसवताना अभियंत्याची दमछाक होते. गेल्या दशकात मुख्य इमारतीचं मोठं जतनकाम झालं तेव्हा काही काळ कारभार बाहेर हलवावा लागला होता. कामाचा परिणाम दिसतो : आतल्या भर घातलेल्या भिंती गेल्या, उंची आणि उजेड परत आला.

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं, २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात त्यांचा पुतळा उभा राहिला. नामांतराच्या वेळी चर्चा झाली ती स्त्रीशिक्षणाची आणि ते योग्यच होतं. पण १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्याला पाठीवर घेऊन चालत गेलेली बाई आणि त्याच साथीत घराघरांत सोजीर धाडणारा, या घरचा पाहुणा रँड, ही जोडी कोणी फारशी जुळवली नाही. जोतिरावांचंही इथे आठवतं : व्हाइसरॉय लिटनच्या पुणेभेटीच्या स्वागतासाठी नगरपालिकेनं हजार रुपये खर्चायचं ठरवलं तेव्हा सभागृहात विरोध करणारे ते एकटे होते. लोकांच्या पैशानं लाटसाहेबांचे सोहळे नकोत, हे मत मांडणाऱ्या घरातलं नाव आज साडेसतरा लाखांच्या लाटसाहेबी घरावर आहे.

आणखी दोन घरं

तुलनेसाठी दोन. परळचं गव्हर्नमेंट हाउस गव्हर्नरांनी सोडलं आणि १८९९ मध्ये तिथे डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. तिचं उद्घाटन केलं ते लॉर्ड सँडहर्स्टनंच, ज्यानं दोन वर्षांपूर्वी गणेशखिंडीत तो समारंभ भरवला होता. हाफकिन संस्था आजही तिथेच आहे.

दुसरं ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. क्वीन्सलँडच्या पहिल्या गव्हर्नरासाठी १८६२ मध्ये पुरं झालेलं घर १९०९ मध्ये नव्या विद्यापीठाला दिलं गेलं. आज ते गार्डन्स पॉइंट इथल्या तंत्रविद्यापीठाच्या आवारात आहे, २००९ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं आणि तिथे चित्रदालन व संग्रहालय आहे. कोणीही आत जाऊन घर पाहू शकतं. आपल्याकडे मात्र आत जायला काहीतरी काम लागतं.

इथे संग्रहालय करून कुलगुरूंना दुसरीकडे पाठवावं, असं मी म्हणणार नाही. कारण वर सांगितलंच आहे. पण तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. सुट्टीच्या दिवशी ओसरी, जिना आणि एखादं दालन लोकांना माहितगाराबरोबर पाहू द्यावं. भुयाराची वाट सुरक्षित करून तिथे राबणाऱ्या माणसांची माहिती लावावी : पगारपत्रकं, कामाच्या याद्या, जे पुराभिलेखागारात मिळेल ते. आणि पोर्चमध्ये ट्रबशॉ आणि फ्रिअर यांच्या नावांच्या जोडीला १८९७ ची हकीकत लिहावी, १० मार्च आणि २२ जून अशा दोन्ही तारखांसह. पहिल्या श्रेणीच्या नियमांना यातल्या एकाही गोष्टीची अडचण नाही. लागेल ती विद्यापीठाची मंजुरी, आणि अधिसभेची बैठक त्याच घरातल्या संत ज्ञानेश्वर सभागृहात होते.